निवड बिनतारी दुव्याची : तिरुवलंचुळीच्या शिवारातून एक पाठ

तमिळनाडूत कुंभकोणमजवळ, स्वामीमलैच्या शेजारी तिरुवलंचुळी हे गाव आहे. कावेरी येथे उजवीकडे वळते, असा या नावाचा अर्थ सांगितला जातो. येथील श्वेत विनायकाची मूर्ती सागरफेसाची असल्याची श्रद्धा असून तिला जलाभिषेक केला जात नाही. इ. स. १८५५ पर्यंत तंजावरच्या भोसले घराण्याशी निगडित राहिलेला हा प्रदेश मराठी मनाला परका नाही. परंपरेने १२ जून रोजी मेट्टूर धरणाचे पाणी सोडले जाते आणि कुरुवै हंगामाच्या भाताची धांदल सुरू होते.

या शिवारात पाणी जपून वापरायचे असेल, तर आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने प्रसृत केलेली 'आळीपाळीने ओले-कोरडे' पद्धत उपयोगी पडते. खाचरात छिद्रे पाडलेली नळी रोवतात. नळीतील पाणी जमिनीच्या पातळीखाली १५ सेंटिमीटर उतरले की पुन्हा पाणी द्यायचे. या पद्धतीने पाण्यात ३० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. मात्र फुलोऱ्याच्या वेळी खाचरात पाणी उभे असलेच पाहिजे. त्या दिवसांत चूक झाली, तर दाणा भरत नाही आणि पीककर्जाचा हप्ता अडचणीत येतो.

समजा, ही पातळी मोजणारा संवेदक घरापासून ८०० मीटरवर आहे. त्याचा निरोप घरी कसा यावा?

चार प्रश्न

पहिला प्रश्न अंतराचा. बँकेचे संपर्करहित कार्ड १३.५६ मेगाहर्ट्झवर जेमतेम काही सेंटिमीटर अंतरावरून बोलते. येथे अल्प पल्ला हा दोष नसून सुरक्षेचा एक भाग आहे. ब्लूटूथ व झिगबी २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि त्यांच्या नेहमीच्या लहान उपकरणांचा पल्ला काही दशक मीटरांचा असतो. झिगबीची उपकरणे निरोप हातोहात पुढे पोहोचवू शकतात. परंतु मधल्या प्रत्येक उपकरणाला जागे राहावे लागते. लोरा ही पद्धत मोकळ्या रानात काही किलोमीटरपर्यंत पोहोचते.

दुसरा प्रश्न माहितीच्या आकाराचा. पाण्याची पातळी म्हणजे तासाला एखादी संख्या. तिच्यासाठी वेगवान दुवा घेणे म्हणजे पोस्टकार्डासाठी मालमोटार ठरविणे होय. लोरा संथ आहे, पण येथे तेवढा वेग पुरतो. चित्रे पाठवायची असती, तर हाच दुवा निरुपयोगी ठरला असता.

तिसरा प्रश्न विजेचा. २४०० मिलिअँपिअर-तासांचा सेल सतत ८० मिलिअँपिअर पुरवू लागला, तर ३० तासांत संपतो. उलट, जे उपकरण तासातून एकदा ०.४ सेकंद ४० मिलिअँपिअर घेते आणि उरलेला वेळ ०.०१ मिलिअँपिअरवर झोपते, त्याचा दिवसाचा खर्च सुमारे ०.३५ मिलिअँपिअर-तास होतो. त्यातील ०.२४ हा खर्च झोपेचाच असतो! कागदावर हा सेल जवळपास १९ वर्षे चालेल. संवेदकाची गरज, उष्मा आणि सेलची आपोआप होणारी झीज धरता प्रत्यक्ष आयुष्य पुष्कळच कमी भरेल. म्हणून खरेदी करताना प्रक्षेपणाच्या आकड्याइतकाच झोपेतील विजेचा आकडा विचारावा.

चौथा प्रश्न कायद्याचा. भारतात २००५ साली ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरावीक शक्तिमर्यादेत परवानामुक्त झाला. २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढविण्यात आला. पथकर नाक्यावरील फास्टॅगही याच पट्ट्यातील लहरींवर वाचला जातो. उपकरणाला प्रकार-मान्यता असावी लागते. अमेरिकेसाठी बनविलेले ९१५ मेगाहर्ट्झचे यंत्र स्वस्त मिळाले, तरी ते येथे घेऊ नये.

निसर्गाची साथ

८६५ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३५ सेंटिमीटर लांब, तर २.४ गिगाहर्ट्झची अवघी साडेबारा सेंटिमीटर. समान शक्ती व तशाच प्रकारचे अँटेना धरले, तर मोकळ्या जागेत पहिलीचा संकेत दुसरीच्या जवळपास आठपट प्रबळ पोहोचतो. भाताची ओली पाने लहरी शोषतात, आणि तेथेही आखूड लहरीचेच नुकसान अधिक. म्हणून अँटेना पिकाच्या वाढीव उंचीच्या वर बसवावा. रोपे लहान असताना घेतलेली चाचणी नेमक्या फुलोऱ्यात फसवू शकते.

सारांश, या खाचरासाठी लोरा योग्य. परंतु शेजारच्या स्वामीमलैतील ओतीव मूर्तींच्या कार्यशाळेत, एकाच दालनातील भट्टीचे तापमान पाहायचे असेल, तर अल्पशक्तीचे ब्लूटूथ पुरे. ते मोबाईलवर थेट वाचता येते. कोणताही दुवा मुळात श्रेष्ठ वा कनिष्ठ नसतो. अंतर, आकार, वीज व कायदा या क्रमाने प्रश्न विचारले, की बहुतेक पर्याय आपोआप गळतात.

दोन पथ्ये मात्र सर्वत्र पाळावीत. उपकरणासोबत आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. आणि ठरल्या वेळी निरोप आला नाही, तर 'सर्व ठीक' असे न मानता बांधावर जाऊन नळीत डोकावावे. यंत्राचे मौन हीदेखील एक सूचनाच असते.