गोळीनं बीपी उतरलं, मग आता गोळी कशाला?

प्रश्न : माझ्या वडिलांचं वय ६२. दवाखान्यात तीन वेळा मोजलं, बीपी १५८/९६ च्या आसपास निघालं आणि गोळी सुरू झाली. आता घरच्या यंत्रावर १२६/८० दिसतं. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. ते म्हणतात, "बीपी बरं झालं, उगाच गोळीची सवय नको." गोळी थांबवावी का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताप उतरला की आपण गोळी थांबवतो, मग बीपीची का नाही, ही शंका घरोघरी येते. तुमच्या वडिलांचं १२६/८० हे गोळी घेऊन आलेलं बीपी आहे. गोळी सोडली, तर ते बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुन्हा चढेल.

आधी निदानाचं पाहू. ते सहसा एकाच मोजणीवर होत नाही. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही दवाखान्यात १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर बीपी आहे असं धरतात. काहींचं बीपी डॉक्टरांना पाहूनच चढतं, म्हणून घरी मोजणं उपयोगी. तिथली सरासरीची मर्यादा १३५/८५. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून शांत बसावं. बाही वर करून पट्टा उघड्या दंडावर, छातीच्या पातळीला बांधावा. मोजताना बोलू नये. मिनिटभरानं पुन्हा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत.

आता "त्रास नाही" याबद्दल. वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवतच नाही. तरी रोजच्या दाबानं मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या जाड, कडक होत जातात. एखादी बंद पडली की पुढच्या भागाचं रक्त थांबतं. एखादी कमकुवत होऊन फुटली की रक्तस्राव होतो. दोन्हींचा परिणाम पक्षाघात, म्हणजेच लकवा. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं बीपी मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होतं. त्या काळी आजच्यासारखी औषधं नव्हती. १२ एप्रिल १९४५ ला त्यांच्या डोक्यात मागच्या बाजूला भयंकर कळ आली आणि काही तासांतच मेंदूतल्या रक्तस्रावानं ते गेले. आज वरचा आकडा दहानं उतरवला, तर पक्षाघाताचा धोका साधारण पाव हिश्श्यानं कमी होतो.

राहिली सवय. बीपीच्या गोळीचं व्यसन लागत नाही. उलट काही गोळ्या अचानक सोडल्या, तर बीपी एकदम उसळतं. वजन उतरलं, चालणं वाढलं, मीठ कमी झालं, तर डॉक्टर मात्रा कमी करतात, क्वचित गोळी थांबवतातही; पण ते त्यांनी वही पाहून ठरवावं. दिवसाला मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचाभरसुद्धा नाही. लोणचं, पापड, फरसाण त्यातच मोजायचं. सैंधव चालतं, हा गैरसमज, तेही मीठच.

एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. अचानक तोंड वाकडं झालं, हात उचलेना किंवा बोलणं अडखळलं, तर घड्याळ पाहा आणि लगेच सीटी स्कॅनची सोय असलेलं मोठं रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. ती धावपळ टळावी, यासाठीच वडिलांची ती रोजची गोळी आहे.