गाडीचं दार, ‘टक्’ आवाज आणि आठवीचा विद्युत चुंबक



आठवीच्या सामान्य विज्ञानात ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ हा पाठ आहे. खिळ्याला तार गुंडाळायची, सेल जोडायचा, टाचण्या उचलून दाखवायच्या, विद्युत घंटेची आकृती काढायची, की झाला पाठ. मीही बरीच वर्षं तेवढ्यावरच थांबत होतो. पण एका गाडीच्या दाराने मला हा पाठ पुन्हा शिकवला.

झालं असं. एप्रिलमधली दुपार, वडीगोद्रीत सोलापूर-धुळे महामार्गाच्या कडेला आमच्या एका सहकारी सरांनी आपली जुनी गाडी उभी केली. मागच्या सीटवर चार वर्षांची लेक झोपलेली. दोन मिनिटांत पाण्याची बाटली घेऊन येतो म्हणून सर उतरले आणि सवयीने रिमोटचं बटण दाबलं. परत येऊन उघडायचं बटण दाबतात तर डॅशबोर्डखालून नुसता ‘टक्’ आवाज! दार उघडेना. पुन्हा दाबलं, पुन्हा ‘टक्’. तोवर लेक जागी होऊन रडायला लागली. मागच्या दाराला चाइल्ड लॉक, म्हणजे आतल्या हँडलने ते उघडणार नाही. माणसं जमली, एकाने दगडही उचलला. तेवढ्यात चहाच्या टपरीवरच्या मावशी म्हणाल्या, “सर, किल्ली घाला की दाराला!”

रिमोटची इतकी सवय झालेली, की हातातल्याच किल्लीचा विसर पडला होता. किल्लीने ड्रायव्हरचं दार उघडलं, आत हात घालून मागच्या दाराची खुंटी ओढली, लेक बाहेर आली. घामाने चिंब झाली होती. बंद गाडी उन्हात किती झपाट्याने तापते, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

गॅरेजवाल्या भाऊंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आख्खं मॉड्यूल बदलावं लागतंय सर.” मी म्हटलं, बदलण्याआधी एकदा उघडून पाहू. दहावीची चार मुलं सोबत घेतली.

आधी कागदावर विचार केला. दारातल्या लॉकला छोटी मोटर असते. धारेची दिशा बदलली की ती उलट फिरते. एका दिशेने लॉक, दुसऱ्या दिशेने अनलॉक. त्यासाठी मॉड्यूलमध्ये दोन रिले. रिले म्हणजे आपला पाठातला विद्युत चुंबकच, फक्त टाचणीऐवजी तो एक पत्री ओढून स्विच जोडतो. बारीक धारेने मोठी धारा चालू-बंद करायची, एवढंच त्याचं काम. जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास ही युक्ती वापरली, पुढे तारायंत्रात ती कामी आली. जुलै २०१३ मध्ये बंद झालेली आपली तारसेवा मुलांना आठवत नाही, पण तिचा हा नातेवाईक गाडीत बसलेला आहे!

एरवी मोटरच्या दोन्ही तारा आपापल्या रिलेतून बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या असतात. एक रिले ओढली गेली की तिच्या तारेला १२ व्होल्ट मिळतात आणि धारा दुसरीतून परत जाते.

आता मुलांना प्रश्न: लॉक होतं, अनलॉक होत नाही, तर बिघाड कुठे? फ्यूज? नाही, मग लॉकही झालं नसतं. मोटर? चारही मोटरी एकदम कशा जातील? दाराच्या रबरी नळीतली तुटलेली वायर? ती एकाच दाराला त्रास देईल. राहिली अनलॉकची रिले. तिच्यातही ‘टक्’ आवाज येतो, म्हणजे गुंडाळी शाबूत आणि तिला हुकूमही पोहोचतोय. लॉक करताना धारा हिच्यातूनच परत जाते, म्हणजे तिचा एरवी जोडलेला संपर्कही ठीक. उरला एकच संपर्क, १२ व्होल्टचा. एका मुलीने हे फळ्यावर मांडलं तेव्हा भाऊसुद्धा पाना खाली ठेवून बघत होते.

मीटर लावला. लॉकच्या वेळी तारेवर १२, अनलॉकच्या वेळी शून्य. बॅटरीचं ऋण टोक काढून मॉड्यूल बाहेर घेतलं. भिंगातून सोल्डरचे सांधे पाहिले. गाडीच्या हादऱ्यांनी पायाभोवती बारीक गोल चीर पडते, तसं असतं तर नुसता डाग दिल्यावर काम झालं असतं. सांधे चांगले होते. रिले सोडवून तिचं टोपण काढलं, तर संपर्काचा ठिपका जळून काळा झालेला. कानशीने घासून चालवण्याचा मोह होतो, पण ते टिकत नाही. तशीच १२ व्होल्टची, तितक्याच अँपिअरची, पायांची मांडणी तीच असलेली रिले जालन्याहून आणली आणि बसवली. चारही दारं एकदम उघडली.

एक सावधगिरी. पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका, ते बहुधा एअरबॅगचे असतात. आणि नव्या गाड्यांत हे काम मोठ्या संगणकीय मॉड्यूलकडे असतं, ते घरी उघडू नये.

वर्गासाठी मात्र सुटी रिले जरूर आणा. आठ पेन्सिल सेल एकसर जोडले की १२ व्होल्ट होतात. आमच्या रिलेच्या गुंडाळीचा रोध सुमारे ४०० ओहम, म्हणजे ओहमच्या नियमाने धारा ०.०३ अँपिअर. एवढ्याशा धारेवर काही अँपिअरची मोटर चालते, हे गणित मुलं स्वतः करतात. दहावीच्या ‘विद्युतधारेचे परिणाम’ या पाठातलं नालकुंतलही इथेच दाखवता येतं.

पालकहो, तुम्ही आज संध्याकाळी आपल्या गाडीचं आणि मुलांच्या व्हॅनचं प्रत्येक दार आतून, बाहेरून आणि किल्लीने उघडून पाहा. चाइल्ड लॉकची कळ कुठे आहे तेही बघून ठेवा. मुलांना आतली खुंटी ओढायला आणि हॉर्न दाबून धरायला शिकवा. आमच्या सरांच्या लेकीला आता दोन्ही येतं. हॉर्न तर ती कारण नसतानाही वाजवते.