पैसे देण्याआधी ते चार प्लग बघ

अगं मनू, त्या माझदा आरएक्स-८चे फोटो पाहिले. लाल रंग, मागचे दरवाजे उलटे उघडणारे, आणि तुझं मन जडलंय ते तर मेसेजवरूनच कळलं. घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. इथे ऑकलंडला इतकी वर्षं काढली, रोटरी इंजिनचा नाद काय असतो ते मला ठाऊक आहे. पण मेलबर्नच्या त्या माणसाला पैसे देण्याआधी एक कर. त्याला सांग, चारही स्पार्क प्लग काढून बघायचेत. नाही म्हणाला तर तिथूनच परत फिर.

का सांगते, ऐक. हे मी आई-बाबांनाही कधी बोलले नाही. माझी पहिली आरएक्स-८ घेताना विकणाऱ्याने आपणहून प्लग काढून दाखवले होते. तीन तपकिरी-काळसर. चौथा, दोन रोटरपैकी मागच्याचा, दुकानातून आत्ताच आणल्यासारखा लख्ख. मला वाटलं, हा रोटर किती निरोगी! खरं तर आतलं रबरी सील गेलं होतं, कूलंट त्या रोटरच्या पोटात झिरपत होतं आणि त्याच्या वाफेने तो प्लग रोज धुऊन निघत होता. दोन महिन्यांत इंजिन उतरवावं लागलं आणि माझी सगळी शिल्लक त्यात गेली. तेव्हापासून मी प्लग एकटा बघत नाही. चारही ओळीने मांडते आणि त्यांत वेगळा कोण दिसतो ते शोधते.

बाबांची चेतक स्कूटर आठवते ना? रविवारी सकाळी पायरीवर बसून ते प्लग काढायचे आणि काजळी धरली असली की पॉलिश पेपरने घासायचे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, म्हणून ती काजळी. रोटरीचं बरंचसं तसंच आहे. तिकोनी रोटरच्या टोकांना अपेक्स सील असतात. ती कोरडी घासू नयेत म्हणून एक छोटा पंप मुद्दाम थोडं थोडं ऑइल आत सोडत असतो. साध्या गाडीच्या प्लगवर ऑइल दिसलं की मेकॅनिक लगेच ‘रिंगा गेल्या’ म्हणतो. तोच नियम इथे लावलास तर चांगली गाडी हातची घालवशील. थोडा काळपट थर रोटरीत चालायचाच. आणि हो, बाबांसारखं पॉलिश पेपरने मात्र घासू नकोस, या प्लगांचं इरिडियमचं टोक नाजूक असतं. खराब झाला की बदलायचा.

काढताना इंजिन पूर्ण थंड असू दे. हाउसिंग अ‍ॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना पाना लावलास तर आटे जातील. पुढचं डावं चाक काढलं की प्लग हाताशी येतात. प्रत्येक रोटरला दोन, खालचा लीडिंग आणि वरचा ट्रेलिंग. (१९९१ मध्ये ल मांची शर्यत जिंकलेल्या माझदाच्या ७८७बीला तर एका रोटरमागे तीन-तीन होते!) काढल्या काढल्या कागदावर ठेव आणि शेजारी पेनाने लिही, कुठला कुठून निघाला. एकदा मिसळले की काहीच कळणार नाही. लीडिंगची तुलना लीडिंगशी, ट्रेलिंगची ट्रेलिंगशी. ट्रेलिंग प्लग अगदी अरुंद भोकामागे बसतो, त्यामुळे तो लीडिंगसारखा दिसेल अशी अपेक्षाच ठेवू नकोस. नंबरही बघ. एनजीकेचे असतील तर लीडिंगवर आरई७सी-एल आणि ट्रेलिंगवर आरई९बी-टी असायला हवं. उलटसुलट बसवलेले दिसले तर गाडीची निगा कशी राखली गेली ते तिथेच कळलं.

आता रंग. फिकट तपकिरी, राखाडी असेल तर बरं. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी कमजोर आहे, आणि या गाडीत आधी कॉइलवर संशय घ्यायचा. कॉइल थकल्या की न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं, मग खर्च वाढतच जातो. पेट्रोलने ओलाचिंब असेल तर इंजिन फ्लड झालंय. रोटरी नुसती चालू करून, दोन हात पुढे घेऊन बंद केली तरी तसं होतं. म्हणून आधी वीसेक मिनिटं गाडी नीट चालवून आण, मग इंजिन पूर्ण थंड होऊ दे आणि तेव्हाच प्लग बघ. दारात उभी राहून चालू असलेल्या गाडीचे प्लग काळे दिसणारच, त्यावरून काही ठरवू नकोस. लालसर छटा दिसली तर घाबरू नकोस, पेट्रोलमधल्या एखाद्या अ‍ॅडिटिव्हने ती येते.

दोन खुणा मात्र गंभीर. एक, माझ्या गाडीत होता तसा एकाच रोटरचा धुतलेला किंवा पांढुरका थर धरलेला प्लग. तेव्हा कूलंटची पातळी बघ, आणि सकाळी पहिल्यांदा चालू करताना पांढरा धूर येतो का ते बघायला स्वतः जा. दुसरी, चेपलेलं टोक किंवा फुटलेली चिनीमाती. रोटरीत प्लगचं टोक आत डोकावतच नाही, कारण सील त्याच्या भोकावरून घासत जातं. मग ते चेपलं कशाने? बहुतेक तुटलेल्या सीलच्याच तुकड्याने. अशी गाडी फुकट दिली तरी घेऊ नकोस.

आणि चारही प्लग कोरे करकरीत निघाले तर? त्यावरून काहीच सिद्ध होत नाही गं. जुने कुठे आहेत ते विचार.

प्लग चांगले दिसले तरी तिथेच हो म्हणू नकोस. सील झिजत आली असली तरी प्लग छान तपकिरी असू शकतो. खरी परीक्षा कॉम्प्रेशनची, तीही रोटरीच्याच टेस्टरने. रोटरला तीन बाजू असतात आणि साधा गेज त्यातला सगळ्यात मोठा आकडाच दाखवतो. तुला दोन रोटरचे मिळून सहा आकडे हवेत, मिनिटाला २५० फेऱ्यांच्या हिशेबाने. नव्या इंजिनचा आकडा ८३० किलोपास्कल, माझदाची खालची मर्यादा ६८०. एकाच रोटरच्या तीन आकड्यांत १५० पेक्षा जास्त फरक नको, दोन रोटरमध्ये १०० पेक्षा जास्त नको.

शनिवारी जाशील तेव्हा कागदावर मांडलेल्या चारही प्लगांचा फोटो पाठव, उन्हात काढलेला, फ्लॅश न लावता. इथे दोन तास पुढे असतात, पण मी फोन हातातच ठेवीन.