धारोष्ण दूध आणि औषधांना न जुमानणारे जीवाणू

कासेतून नुकतेच निघालेले, अजून कोमट असलेले धारोष्ण दूध विशेष बलवर्धक असते, अशी समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तालमीतील पहिलवानासाठी आणि घरातील अशक्त मुलासाठी ते आवर्जून राखून ठेवले जाते. दूध हे पूर्णान्न आहे, याविषयी वाद नाही. परंतु जे माणसाच्या वाढीला पोषक, तेच जीवाणूंच्या वाढीलाही पोषक ठरते.

कासेला लागलेले शेण, दूध काढणाराचे हात, भांडी आणि ती विसळण्याचे पाणी यांच्यामार्फत ई. कोलाय, साल्मोनेला, लिस्टेरिया यांसारखे जीवाणू दुधात उतरतात. अनुकूल उष्णतेत ई. कोलाय हा जीवाणू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. या हिशेबाने एका जीवाणूपासून सात तासांत वीस लाखांहून अधिक जीवाणू तयार होऊ शकतात. सकाळचे दूध दुपारपर्यंत तसेच ठेवणे म्हणजे काय, हे यावरून ध्यानात यावे.

काही रोगजंतू तर प्रत्यक्ष कासेतूनच येतात, आणि जनावर वरून धडधाकट दिसत असते. भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना दीर्घकाळ रेंगाळणारा ताप येत असे. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये त्याचा जंतू शोधला. पण तो येतो कोठून, हे कळेना. १९०५ मध्ये माल्टाचेच डॉ. थेमिस्टोक्लीस झामिट यांनी शेळ्यांचे रक्त तपासले, तेव्हा निरोगी दिसणाऱ्या शेळ्याच रोगाच्या वाहक असल्याचे आढळून आले. दारोदार हिंडवून गिऱ्हाइकासमोर धार काढून दिले जाणारे ते ताजे दूध होते! १९०६ मध्ये सैनिकांना हे दूध देणे बंद होताच तापाचे प्रमाण झपाट्याने घटले. हाच रोग आज ब्रुसेलोसिस या नावाने ओळखला जातो. राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाखाली २०१९ पासून चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना त्याची लस देण्याची तरतूद आहे.

ब्रूस व झामिट यांच्या काळी प्रतिजैविके नव्हती. आज ती आहेत, आणि नवी अडचण त्यांतूनच उद्भवली आहे. गायी-म्हशींना होणारा कासदाह, ज्याला गोठ्यात दगडी म्हणतात, हे त्याचे ठळक उदाहरण होय. कास सुजली, दुधात गाठी आल्या की प्रयोगशाळेत दूध न तपासताच हाती येईल ते प्रतिजैविक टोचले जाते. औषध चुकीचे किंवा अपुरे पडले, तर दुबळे जीवाणू मरतात आणि औषधाला न जुमानणारे उरतात. शिवाय हा प्रतिकाराचा गुण जनुकांच्या रूपाने एका जातीच्या जीवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जाऊ शकतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०२० मध्ये पाच राज्यांतील दोन हजारांहून अधिक नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. न तापविलेले दूध खोलीच्या उष्णतेत ठेवले असता त्यात अशी जनुके वाढतात, असे त्यात दिसून आले.

दूध उकळले की औषधाला न जुमानणारे जीवाणूही मरतात; त्या बाबतीत आपल्या गृहिणींची जुनी सवय शास्त्रशुद्धच आहे. मात्र स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूने आधीच सोडलेले विष उकळूनही टिकते. औषधाचे अवशेषही उकळण्याने खात्रीने नाहीसे होत नाहीत. कधी कधी विरजण नीट लागत नाही, त्याचे एक कारण हे अवशेष असू शकतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुने तपासले. त्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक निघाले. आकडा लहान वाटेल, परंतु एका आजारी जनावराचे दूध संकलन केंद्रावर सगळ्या गावाच्या दुधात मिसळते, हे विसरून चालणार नाही.

औषध दिल्यानंतर किती दिवस दूध विकू नये, हे वेष्टनावर छापणे २०१२ पासून बंधनकारक आहे. तो अवधी ठरलेला नसेल तेथे दुधासाठी किमान सात दिवस धरावेत, असा नियम आहे. माणसांसाठी अखेरचा उपाय म्हणून राखलेले कोलिस्टिन हे औषध तर अन्नोत्पादक जनावरांना देण्यास २०१९ मध्ये बंदीच घालण्यात आली.

नियम योग्य आहे. पण ज्या घरी दोनच दुभती जनावरे आहेत, त्या घराला आठवडाभराचे दूध ओतून टाकण्यास सांगणे सोपे आणि पाळणे कठीण. हा तोटा एकट्या उत्पादकाच्या माथी मारून नियम पाळला जाईल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. दूध संस्थेने त्या दिवसांच्या नुकसानीचा काही भाग उचलण्याची तरतूद केली, तर उत्पादक आजार लपविणार नाही. ग्रामसभेत हा विषय अवश्य निघावा. टाकायचेच म्हणून ते दूध वासराला पाजण्याची रीतही सोडली पाहिजे. त्यामुळे वासराच्या आतड्यात तेच हट्टी जीवाणू पोसले जातात आणि शेणावाटे गोठ्यात पसरतात.

मुळात दगडी टाळणे स्वस्त पडते. धार काढण्यापूर्वी कास धुऊन कोरडी करावी व पहिल्या तीन-चार धारा काळ्या फडक्यावर घेऊन गाठी पाहाव्यात. दूध काढल्यानंतर सडांची छिद्रे काही वेळ उघडी राहतात. म्हणून जनावर लगेच खाली बसू नये यासाठी त्याच्यापुढे वैरण टाकावी. औषध चालू असलेल्या जनावराच्या पायाला रंगीत फीत बांधली, तर धार काढणारा बदलला तरी ते दूध चुकून कॅनमध्ये जात नाही. लहान गोठ्यात त्यासाठी जुन्या लुगड्याची किनारही पुरते.