गीत आणि स्मृति

बरेच दिवस न ऐकिलेलें एखादें गाणें अकस्मात् कानीं पडलें असतां जुनें घर, जुने सोबती व दिवंगत आप्तांचे चेहरे मनश्चक्षूंपुढें उभे राहतात, हा अनुभव बहुतेकांस असतो. हें सामर्थ्य गीताच्या सुरांत असतें किंवा तें ऐकणाऱ्याच्या मनांत असतें, ह्या प्रश्नाचा आम्हीं येथें थोडक्यांत विचार करण्याचें योजिलें आहे.

ह्या बाबतींत स्विस शिपायांची हकीकत बोधप्रद आहे. पूर्वीं स्वित्झर्लंडांतील पुष्कळ तरुण पोटासाठीं परकीय राजांच्या सैन्यांत नोकरी धरीत. घराच्या ओढीनें झुरणाऱ्या अशा माणसांच्या विकारास योहान्नेस होफर ह्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें इ. स. १६८८ मध्यें, बाझल येथील आपल्या प्रबंधांत, 'नॉस्टॅल्जिया' हें नांव दिलें. 'घरीं परतणें' आणि 'वेदना' अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून त्यानें तें बनविलें. त्या देशांतील गुराखी डोंगरांवर गाई हांकारतांना एक साधी चाल आळवीत असत. रूसो ह्या ग्रंथकारानें आपल्या १७६८ सालच्या संगीतकोशांत लिहिलें आहे कीं, ती चाल ऐकतांच स्विस शिपाई ढळढळां रडत, सैन्य सोडून पळून जात, कित्येक तर प्राणासही मुकत. म्हणून पलटणींत ती वाजविणाऱ्यास देहान्त शिक्षेची तंबी होती. परंतु तोच पुढें म्हणतो कीं, परक्या माणसावर त्या चालीचा असा परिणाम होत नाहीं. अर्थात् गीत तेथें पदरास मारलेल्या गांठीप्रमाणें असतें. गांठ ज्यानें मारली, त्यालाच ती कशाची आठवण आहे हें कळतें.

आमच्या महाराष्ट्रांत जात्यावरील ओवीची गोष्ट अशीच आहे. ओवीची चाल मोजक्या सुरांची. साथीला केवळ जात्याची घरघर. परंतु पहांटेस दळणाऱ्या आईच्या मांडीवर डोकें ठेवून ज्यानें ती ऐकिली, त्यास वृद्धपणींही तिच्यासरशीं पिठाचा वास व आईच्या कांकणांचा नाद आठवतो. पुढें पिठाच्या गिरण्या आल्या, जातीं मुकीं झालीं, व ओव्या म्हणण्याचा प्रसंगच विरळा झाला. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइटवाँ ह्यांनीं सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हें मोठें कार्य होय. तथापि संग्रहांत ओवी सुरक्षित राहते. तिच्याशीं जडलेली आठवण मात्र ती ऐकणाऱ्या माणसाबरोबरच जाते.

अलीकडील संशोधनाचा रोखही ह्याच दिशेस आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील पेत्र जनाटा ह्यांनीं २००९ सालीं असें दाखविलें कीं, स्वतःच्या आयुष्यांतील आठवण जागविणारें गाणें ऐकतांना कपाळामागील मेंदूचा मध्यभाग विशेष कार्य करूं लागतो. अल्झायमर नांवाच्या स्मृतिभ्रंशांत हा भाग तुलनेनें उशिरां क्षीण होतो. नातवंडांचीं नांवें विसरलेले कित्येक वृद्ध ओळखीच्या गाण्याचे शब्द बिनचूक म्हणतात, त्याचें एक कारण हें असावें असें अनुमान आहे. शिवाय मनुष्यास साधारणतः १० ते ३० ह्या वयांतील गोष्टी अधिक आठवतात, व त्या वयांत ऐकिलेलीं गीतेंही तशींच मनावर ठसतात.

ह्यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, वडीलधाऱ्यांच्या आवडीचीं गाणीं आम्हां तरुणांस नीरस वाटलीं, तरी त्यांचा उपहास करणें योग्य नव्हे; गांठ आमची नाहीं, इतकेंच. हें गाणें तूं प्रथम कोठें ऐकलेंस, असें आजीस विचारावें, म्हणजे कोणत्याही पुस्तकांत नसलेला आपल्या कुटुंबाचा इतिहास ऐकावयास मिळेल. आणि विचारण्यास फार विलंब करूं नये. दुसरी, आमचें स्वतःचें वय सांप्रत तेंच आहे. जी प्रार्थना आम्ही रोज सकाळीं जांभया देत म्हणतों व स्नेहसंमेलनासाठीं जीं पदें घोकतों, तींच पुढें हे वर्ग, हे सोबती व हे गुरुजन आम्हांस परत भेटवितील. तेव्हां तीं थोडीं मन लावून म्हणावीं, इतकेंच आमचें वाचकबंधुभगिनींस सांगणें आहे.