बांधाच्या पायथ्याशी ओल दिसली तर

मैत्रिणींनो, पाऊस लागायच्या आत गटाच्या बैठकीत बचत-हप्त्यांबरोबर आणखी एक विषय घ्या. शेतातला मातीचा बांध. कुणाच्या सासऱ्यांनी ओढ्यावर घातलेला असेल, कुणाच्या घरी चार भावांनी मिळून. धरणसुरक्षेचा २०२१ चा कायदा आहे, पण तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि १० ते १५ मीटरमधल्या काही धरणांना लागू होतो. आपला दोन-तीन पुरुष उंचीचा बांध त्यात बसत नाही. म्हणजे तपासायला कुणी साहेब येणार नाही, आपणच बघायचं. खाली कुणाचं घर, गोठा किंवा ओढ्यातली पायवाट असेल, तर बांध छोटा म्हणून धोका छोटा होत नाही.

मातीवरून पाणी वाहू लागलं की ती कापत जाते, आणि एकदा घळ पडली की थांबवता येत नाही. जादा पाणी बाजूने निघून जावं म्हणून तर सांडवा असतो. आणि आपली माणसं त्याच सांडव्यात पोती रचून हातभर पाणी जास्त अडवतात! मला हे सगळ्यात जास्त खटकतं. मत्स्यपालन करणाऱ्या गटांनीही लक्ष द्या. सांडव्याला लावलेल्या जाळीत पालापाचोळा अडकला की सांडवा बंदच झाला. जाळी रोज साफ करा, आणि जोराचा पाऊस दिसला की काढूनच टाका. मासे गेले तर बोटुकली पुन्हा टाकता येतात.

दुसरा धोका आतून असतो. थोडी झिरप प्रत्येक मातीच्या बांधाला असते, तिला घाबरू नका. पाणी स्वच्छ आहे की गढूळ, एवढं बघा. काचेच्या बाटलीत भरून तासभर ठेवा. तळाशी माती बसली तर पाणी बांधाच्या पोटातली माती घेऊन येतंय. ओल कुठवर आहे तिथे खुंट्या ठोका, आठवड्याने ती खुंट्यांच्या पुढे गेली का बघा.

चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं. ते सरकारी होतं, आपल्या बांधापेक्षा खूप मोठं, पण मातीचंच. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. वीसच्या आसपास माणसं गेली. नंतर खापर फुटलं ते खेकड्यांवर! बिळं वाईटच, घुशीची असोत की खेकड्याची. पण ती दिसतात आणि बुजवता येतात. भरावावर उगवलेली रोपटीही लहान असतानाच काढा, मुळं आत गेली की त्यांच्या वाटेने पाणी जातं.

गढूळ पाणी दिसलंच तर खालचं तोंड चिखलाने बुजवू नका, पाणी दुसरीकडून फुटेल. त्यावर आधी वाळू, मग खडी, मग दगड टाका. गाळणीसारखं, पाणी निघेल पण माती राहील. मोरी किंवा पंपाने तळ्यातलं पाणी कमी करा, पण भराव खणून वाट काढू नका. धार वाढत असेल तर बांधाजवळ कुणी थांबायचं नाही. आधी खालच्या घरांना उठवा, मग पोलीस पाटील, तलाठी, आणि १०७७ किंवा ११२ ला फोन.

पावसाळ्यात दर आठवड्याला दोघी मिळून बांधावर चक्कर मारा. माथा, सांडवा, पायथा. तारीख, पाण्याची पातळी आणि ओल कुठवर आली ते गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहा. कुणाची पाळी कधी, ते याच बैठकीत ठरवा.