आधी मोजणी, मग कुऱ्हाड

चि. सायलीस,


तुझं पत्र मिळालं. वनरक्षक म्हणून बीट हाती आलं, पण दिवसभर टेप घेऊन झाडांचे घेर मोजताना जीव विटतो, असं तू लिहिलंस. म्हणून तुला डायट्रिच ब्रँडिसबद्दल सांगतो.

बॉनचा हा वनस्पतिशास्त्रज्ञ १८५६ साली ब्रह्मदेशात, पेगूच्या सागाच्या जंगलांवर अधिकारी म्हणून आला. तोड जोरात चालली होती आणि साग किती उरलाय याचा हिशेब कुणापाशीच नव्हता. ब्रँडिस हत्तीवर बसून रानात शिरला. एका हातात काठ्या, दुसऱ्यात चाकू. घेराच्या प्रत्येक वर्गाची काठी वेगळी. साग दिसला की त्याच्या वर्गाच्या काठीवर एक खाच. सहा फुटांहून जास्त घेराची झाडं तोडीला, बाकीची वाढीला. पुढे किती तोडायचं, हे त्या खाचांवरून ठरलं.

१८६४ साली तो हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. १८७८ साली डेहराडूनला वनशाळा उभी राहिली, ती त्याच्याच प्रयत्नांनी. गावांची स्वतःची वनं असावीत, असा त्याचा आग्रह होता. त्याच वर्षीच्या वनकायद्यात मात्र सरकारी हक्काचंच पारडं जड ठरलं. याची किंमत रानाकाठच्या माणसांनी मोजली. गणवेश घालून पाड्यावर जाशील तेव्हा हे विसरू नकोस.

निवृत्तीनंतरही त्याने झाडं सोडली नाहीत. ‘इंडियन ट्रीज’ हा त्याचा जाडजूड ग्रंथ १९०६ साली निघाला तेव्हा तो ८२ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी तो गेला. त्या ग्रंथात शास्त्रीय नावांसोबत लोकांच्या बोलीतली नावंही आहेत. ती त्या त्या मुलखातल्या लोकांच्या तोंडची आहेत.

तेव्हा टेप लावण्याआधी खोडावरची वेल बाजूला कर. उतारावर असशील तर चढाच्या अंगाला उभी राहून छातीच्या उंचीवर घेर घे. आकडा तिथल्या तिथे लिही, मुक्कामी येऊन आठवून नको. नाव अडलं तर पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना विचार. त्यात कमीपणा नाही.

पुढच्या पत्रात तुझ्या बीटातली दहा झाडं लिहून पाठव: घेर, आणि गावात म्हणतात ते नाव. वाट पाहतो.

तुझा,
मामा